चौसष्ट मीटरांची तूट

आमच्या घरापासून चर्च किती दूर आहे, असे कोणी विचारले, तर माझी आई "एक जपमाळ" असे उत्तर देत असे. पहाटेच्या मिस्साला निघताना उंबरठ्यापाशी ती पहिला मणी बोटांत धरी आणि पाचही रहस्ये म्हणून संपता संपता चर्चच्या पायऱ्या येत. मावशीचे घर दोन जपमाळांवर होते, तर बाजार अडीच जपमाळांवर. पावसाळ्यात वाट चिखलाने निसरडी झाली, म्हणजे आई आपण होऊन दुरुस्ती करी, "आता दीड जपमाळ धरा." आम्ही मुले शाळेत किलोमीटर शिकत होतो. आम्हाला या मापाचे हसू येई. त्या हसण्याची मला आज थोडी लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेली पस्तीस वर्षे माझा मुक्काम सुरतेत आहे. त्यांतील बहुतेक वर्षे एका कापड गिरणीच्या फोल्डिंग खात्यात गेली. विणून, रंगवून आलेले कापड तेथे यंत्रावर मीटरमीटरच्या घड्यांनी पडते आणि घड्या मोजल्या, की ताग्याची लांबी कळते. त्या खात्यात पहिल्याच आठवड्यात मला एक धडा मिळाला. कापड ताणून मोजले, तर ते मापात जास्त भरते; ताण सुटला, की तेच कापड आखडते आणि गिऱ्हाइकाच्या पदरी कमी पडते. यंत्र खोटे नसते, घड्या मोजणाराही खोटा नसतो, तरीही माप खोटे ठरते. हा धडा कापडापुरता आहे, अशी माझी समजूत होती. तो माणसाच्या धावेलाही लागू पडेल, असे स्वप्नातही आले नव्हते.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कामधंद्यासाठी मजकडे सुरतेस आला. रिंग रोडवरील एका कापडबाजारात तो दिवसभर गठ्ठ्यांचा हिशेब ठेवी. मन मात्र पोलीस भरतीकडे लागलेले. महाराष्ट्रातील शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांस १६०० मीटर व महिला उमेदवारांस ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटरची धाव आणि गोळाफेक असते, हे आपल्यापैकी अनेक घरांना ठाऊक आहे. अंतर किती वेळात कापले, यावर गुण ठरतात आणि एकेका गुणासाठी शेकडो मुले ताटकळत असतात. भाच्याचे वडील आजाराने घरी बसलेले, धाकटी बहीण शिकत असलेली. ही नोकरी मिळणे म्हणजे त्या घराला आधार मिळणे होते.

पहिल्या पगारातून त्याने धावण्याचे घड्याळ घेतले. ते मनगटावर बांधून तो पहाटे पाच वाजता, बाजार उघडण्यापूर्वी, रिंग रोडवर उतरे. काही अंतर उंच इमारतींच्या मधून, काही अंतर उड्डाणपुलाच्या खालून, असा त्याचा नित्याचा मार्ग होता. घड्याळाच्या मते १६०० मीटर पुरे झाले, की ते मनगटावर थरथरे आणि वेळ दाखवी. त्याने आपल्यापुढे ५ मिनिटे १० सेकंदांचे लक्ष्य ठेवले होते. भरतीला आठ दिवस उरले असताना एके सकाळी तो धापा टाकीत घरी आला आणि मनगट माझ्यापुढे धरले. घड्याळात ५ मिनिटे ४ सेकंद होते. मी त्याच दिवशी पेढे आणले.

भरतीच्या मैदानावर त्याला ५ मिनिटे १८ सेकंद लागले. यादी लागली, तेव्हा तो दोन गुणांनी मागे होता.

सुरतेस परतल्यावर तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, मैदानच मोठं आखलं होतं. माझं घड्याळ थेट उपग्रहावरून मोजतं, ते कसं चुकेल? मी अर्ज करणार आहे."

मी म्हटले, "अर्ज जरूर कर. पण दुसऱ्याचं माप खोटं म्हणण्याआधी आपलं तपासून घेऊ."

रविवारी पहाटे आम्ही दोघे त्याच रस्त्यावर गेलो. ओळखीच्या मिस्त्रीकडून ३० मीटरची पोलादी टेप आणली होती आणि माझी जुनी सायकल बरोबर होती. प्रथम रस्त्याच्या कडेने टेप लावून १०० मीटर आखले. पुढच्या चाकाच्या एका आरीला लाल चिंधी बांधली आणि सायकल हळूहळू ढकलीत नेऊन चिंधी किती वेळा खाली येते ते मोजले. बरोबर ४५ फेरे झाले. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा ४५. म्हणजे १६०० मीटरांना ७२० फेरे व्हावयास हवेत. मग ज्या खांबापासून तो धाव सुरू करी, तेथून निघालो. मी सायकल धरली होती, तो मोजीत होता. त्या ५ मिनिटे ४ सेकंदांच्या सकाळी घड्याळ जेथे थरथरले, ती जागा त्याला चांगली आठवत होती. तेथे पोहोचलो, तेव्हा फेरे झाले होते ६९१.

एकोणतीस फेरे कमी. हिशेब केला, तर ते अंतर सुमारे १५३६ मीटर भरले. चौसष्ट मीटरांची तूट! आम्ही परत येऊन ते १०० मीटर पुन्हा मोजले. चाक पुन्हा ४५ वरच थांबले. भाच्याने पदपथावर बसून खडूने त्रैराशिक मांडले. त्याच चालीने खरे १६०० मीटर धावला असता, तर त्याला ५ मिनिटे १७ सेकंद लागले असते. मैदानावर लागले होते १८. खडू खाली ठेवून तो एवढेच म्हणाला, "मैदान खरं होतं, मामा." अर्ज लिहिलाच गेला नाही.

आम्ही केलेली ही मोजणी गावठी वाटेल, परंतु मोठमोठ्या शर्यतींचे मार्ग आजही याच रीतीने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारे एक लहानसे यंत्र लावतात. अमेरिकेतील अॅलन जोन्स यांनी ते १९७१ साली योजिले, म्हणून त्याला जोन्स काउंटर म्हणतात. मोजणीपूर्वी पोलादी टेपेने आखलेल्या अंतरावर सायकल तपासतात आणि मोजणी संपल्यावर पुन्हा तपासतात; कारण ऊन चढले, की टायरातील हवा फुगते आणि चाकाचा घेर बदलतो. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून सर्वांत जवळची वाट धरतात. इतके करूनही मार्ग आखूड पडू नये, म्हणून हजारी एक या प्रमाणात अंतर वाढवून धरतात. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये हे सुमारे ४२ मीटर होतात. त्यात धावणारा प्रत्येक वळणावर जवळची वाट धरीत नाही. म्हणून शर्यतीच्या शेवटी मनगटावरील आकडा मोठा दिसला, तर आयोजकांना दोष देऊ नये. मार्ग बहुधा बरोबर असतो.

मग घड्याळ का चुकले? त्याची रीत समजून घेतली, म्हणजे त्याचा दोषही कळतो. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजतो आणि तीन सेकंदांना एक किलोमीटर असा अंदाज बांधतो. घड्याळही असेच करते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह वेळेचा संदेश पाठवितात. तो किती उशिरा पोहोचला, यावरून घड्याळ प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. मनगटावरील घड्याळ काही उपग्रहातील घड्याळांइतके अचूक नसते, म्हणून तीन उपग्रहांवरून जागा आणि चौथ्याच्या साहाय्याने स्वतःच्या वेळेची चूक, असा हिशेब ते मांडते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो.

आता आपल्या गावाकडील चर्चच्या घंटेचा नाद आठवा. मोकळ्या शेतात उभे असलो, तर तो सरळ कानी येतो. परंतु मागे उंच भिंत असली, तर प्रतिध्वनीही येतो आणि घंटा कोणत्या बाजूला आहे, याचा क्षणभर भ्रम पडतो. रिंग रोडवर असेच घडते. उपग्रहाचा संदेश इमारतींच्या काचांवर व भिंतींवर आपटून वळसा घालून मनगटापर्यंत येतो. घड्याळाला वाटते, उपग्रह आणखी दूर आहे. उड्डाणपुलाखाली तर आकाशच दिसत नाही. मग माणूस सरळ धावत असला, तरी घड्याळाच्या हिशेबात तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकतो. असे नागमोडी बिंदू जोडले, की रेषा खऱ्या वाटेहून लांब भरते. ताणलेल्या कापडासारखेच हे माप. उलट, लहानलहान वळणांच्या वाटेवर बिंदू विरळ घेतले, तर घड्याळ कोपरे कापते आणि अंतर कमी दाखविते. अलीकडची काही घड्याळे एकाच वेळी दोन निरनिराळ्या लहरी ऐकतात आणि प्रतिध्वनी पुष्कळसा ओळखतात. तरीही मोकळ्या आकाशाला पर्याय नाही.

अंतर चुकले, की चालही चुकते, कारण दर किलोमीटरला किती मिनिटे लागली, हा आकडा अंतरावरूनच निघतो. त्यातही क्षणाक्षणाला दिसणारी चाल फारच चंचल असते. भाचा ती पाहून कधी वेग वाढवी, कधी आवरी आणि उगाच दमे.

यावर उपाय म्हणून त्याने बुटाच्या नाडीला अडकविण्याचा एक छोटा सेन्सर आणला. तो आकाशाकडे पाहत नाही. पायाची हालचाल टिपतो, पावले मोजतो आणि प्रत्येक पाऊल किती लांब पडले, याचा अंदाज करतो. पावलांनी अंतर मोजण्याची कला मात्र फार जुनी आहे. जेरुसलेमहून अजमेरपर्यंत पायी आलेला इंग्रज प्रवासी थॉमस कोरियट डिसेंबर १६१७ मध्ये आमच्या सुरतेतच मरण पावला. आपण २७०० मैल चाललो, असे त्याने मायदेशी लिहून कळविले होते. तो आकडा कोणी फिरून मोजला नाही आणि मोजण्याचे कारणही नव्हते. त्यावर कोणाची भाकरी अवलंबून नव्हती.

ज्याच्या पावलांवरून नकाशा काढावयाचा होता, त्याची गोष्ट निराळी. कुमाऊंचे नैनसिंह रावत यांस भारतीय सर्वेक्षण खात्याने डेहराडून येथे शिकवून तयार केले आणि १८६५-६६ साली ते गुप्त वेषाने तिबेटात ल्हासापर्यंत जाऊन आले. चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडावे, याचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. २००० पावलांचा एक मैल, असे त्यांचे कोष्टक होते. तिबेटी जपमाळेत १०८ मणी असतात. त्यांच्या माळेत १०० च ठेवले होते. शंभर पावले झाली, की एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली, की पाच मैल. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्यांस सुवर्णपदक दिले. ही हकीकत मी भाच्याला सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे आजी बरोबर होती तर!"

हसण्यावारी बोललेले ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. नैनसिंहांचे पाऊल आधी मोजलेल्या अंतरावर घोटून बसविलेले होते, म्हणून त्यांच्या माळेला किंमत. आई तीच वाट वर्षानुवर्षे त्याच मण्यांवर चालत आली होती आणि चिखल झाला, की माप बदलते, हे तिला कळत होते. आम्ही मात्र घड्याळ पेटीतून काढले, मनगटावर बांधले आणि एकदाही न तपासता त्यावर एका घराची आशा टांगली. त्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती कबूल करणे भाग आहे. भाचा सांगतो, की घड्याळ रोज एकाच जागी थरथरत नसे. कधी पानाच्या ठेल्यापाशी, कधी त्याच्या अलीकडे. ही खूण त्याला दिसली होती, मलाही त्याने सांगितली होती. परंतु आकडा आमच्या मनासारखा येत होता. घड्याळाने वेळ वाईट दाखविली असती, तर आम्ही ते पहिल्याच दिवशी तपासले असते. फोल्डिंग खात्यात जन्म काढलेल्या माणसाला ताणलेले माप ओळखता आले नाही, कारण या वेळी फायदा आपल्या बाजूचा होता.

मग आम्ही नव्याने आरंभ केला. एका महाविद्यालयाच्या मोकळ्या मैदानावर चुन्याने आखलेला ४०० मीटरचा मार्ग होता. तो प्रथम टेपेने मोजून घेतला. येथे एक बारकावा सांगतो. हे ४०० मीटर सर्वांत आतल्या पट्ट्याचे असतात आणि तेही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजलेले असतात. दुसऱ्या पट्ट्यातून एक फेरी मारली, तर सुमारे ४०७ मीटर होतात. चार फेऱ्यांत २८ मीटर वाढतात. पायातला सेन्सरही या मार्गावर तपासला. चार फेऱ्यांना तो १५७० मीटर दाखवीत होता. म्हणून घड्याळात दुरुस्तीचा आकडा १०१.९ टक्के असा भरला आणि पुन्हा धावून पाहिले. बूट बदलले, चाल फार वाढली किंवा पाय दमले, की तो आकडा पुन्हा सरकतो, हेही ध्यानात आले. म्हणून दर पंधरवड्याला फेरतपासणी ठरविली.

५ मिनिटे १० सेकंदांत १६०० मीटर म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. मी रेषेवर साधे थांबघड्याळ घेऊन उभा राहत असे आणि प्रत्येक फेरीला सेकंद ओरडून सांगे. पहिल्या दिवशी त्याला ५ मिनिटे २१ सेकंद लागले. तो आकडा पाहून त्याचा चेहरा उतरला. मी म्हटले, "हा आकडा कडू आहे, पण आपला आहे. यातून कमी होईल ते खरोखरच कमी होईल." पावसाळा गेला, थंडी आली. एकेक सेकंद, कधी अर्धा, असा तो खाली येत गेला. काही आठवडे तर एक सेकंदही हलला नाही. त्या दिवसांत तो जुन्या रस्त्याकडे, जुन्या आकड्याकडे परत जाईल, अशी मला धास्ती होती. तो गेला नाही.

आपल्या गावोगावी आज कितीतरी मुले-मुली पहाटे उठून भरतीसाठी धावतात. कोणाच्या हाती घड्याळ असते, कोणाच्या खिशात मोबाइल. त्यांच्या आईवडिलांना माझे सांगणे एवढेच, की त्यांना एकदा मोजलेले अंतर द्या. काथ्याच्या दोराने मैदान आखू नका. दोर ताणला, की लांबतो आणि भिजला, की आखडतो. पोलादी टेप कोठेही मिळते. सायकल घरोघरी आहे. घड्याळ वापरायचे, तर मोकळ्या आकाशाखाली वापरावे. उपग्रह सापडल्याची खूण दिसेपर्यंत थांबून मगच निघावे. क्षणाची चाल न पाहता पुऱ्या फेरीची सरासरी पाहावी. आणि मोजलेल्या रेषेवर पोहोचताच हाताने कळ दाबावी, म्हणजे वेळ तरी निःसंशय खरी मिळते. घड्याळ चांगला चाकर आहे, परंतु त्याच्या हिशेबाची वही अधूनमधून तपासलीच पाहिजे.

पुढच्या भरतीच्या दिवशी मी भाच्याबरोबर गेलो. मैदानात जाताना त्याने मनगटावरचे घड्याळ सोडून माझ्या हातात दिले. "आता ते नको, मामा. फेरी किती सेकंदांची, ते पायांना कळतं." त्याला ५ मिनिटे ९ सेकंद लागले. आज तो खाकी गणवेशात आहे आणि बहिणीच्या घरी दर महिन्याला पैसे वेळेवर जातात.

गेल्या नाताळात आम्ही सारे गावी जमलो होतो. भाच्याने हौसेने सायकल काढली, टेपेने तपासली आणि घरापासून चर्चपर्यंतची वाट मोजली. एक किलोमीटर तीनशे मीटर भरले. ओसरीवर बसलेल्या आईला त्याने मोठ्याने तो आकडा सांगितला. तिला आता कमी ऐकू येते. तिने दोनदा विचारून घेतले, थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "असेल. पण ते कोरड्या वाटेचं."